एक पाटा जास्त

आधी त्यानं मला पाचवं चाक दाखवलं.
मी म्हटलं, हे चाक कसलं?
हा तर तवा,
ग्रीस चोपडलेला, मागून चिरलेला,
घोड्याच्या पाठीवर आडवा ठेवलेला.
हसुराम म्हणाला, याच तव्यावर
तीस वर्षं भाकरी भाजली आपली.

न्हावा शेव्याहून त्यानं दुसऱ्यांचे डबे ओढले.
आत काय, ते सीलला ठाऊक.
एकदाच एक सील तुटलं, यार्डात,
आणि आतून निघाली चावीची माकडं,
ढोलकीवाली, हजारो.
धक्क्यानं त्यातलं एक वाजायला लागलं,
थांबेचना.
कस्टमचा साहेबही हसला म्हणे.
तेव्हापासून याचं एकच:
एक डबा आपला पाहिजे,
आपल्या खेळण्यांचा.

मग कळंबोलीत, स्टील मार्केटच्या मागं,
रविवार-रविवार आम्ही डबे पाहिले,
मुलीसाठी स्थळं बघावीत तसे.
लखबीरशेठ पडदे दाखवायचे, सनमायका दाखवायचे.
हसुराम गोणपाट अंथरून सरळ खाली,
बाहेर नुसते त्याचे पाय.
ठक. ठक.
"रंग नवाय," आतून आवाज यायचा,
"म्हणजे खाली काहीतरी जुनंय."

चौथा डबा ऑर्केस्ट्रावाल्यांचा.
मागची अख्खी भिंत फळीसारखी जमिनीवर उतरायची,
स्पीकर चढवायला.
आत आरसा, आरशाखाली
लिपस्टिकनं लिहिलेला कुणाचा तरी नंबर.
तो मी पुसू दिला नाही अजून.
हसुराम खालून बाहेर आला,
कोपराला गंज, कपाळाला गंज,
आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही.
तेव्हाच कळलं, हा घेणार.

तळोज्यात मुश्ताकभाईंनी तो उघडा केला.
पलंग साखळीवर टांगला:
दिवसा छताला, खाली येझदी;
रात्री येझदी बाहेर, आम्ही खाली.
कॅलेंडरच्या पाठीवर मी वजनं मांडली.
येझदी एकशे चाळीस.
पाणी दोनशे लिटर म्हणजे दोनशेच.
सिलिंडर, शेगडी, गादी, पाटा-वरवंटा
(त्यावर भांडण. राहिला घरी).
त्याच्या पान्यांच्या पेटीचं वजन
त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही.
माझी स्कूटर मी लिहिलीच नाही.
एक्कावन्नाव्या वर्षी शिकले,
रोडपालीच्या मैदानामागं,
एकाच खड्ड्यात दोनदा पडून.
म्हटलं, मी मागं बसेन, येझदीवर.
तो नट मोजत होता.

बिलं मी वाचते, तो वाचत नाही.
मुश्ताकभाईंच्या बिलात सातवी ओळ:
कमानीचा पाटा, दोन्हीकडं एकेक जास्त.
मी तणतणत गेले.
ते म्हणाले, वहिनी, त्यांनीच सांगितलं,
एकशे सात किलोची सोय करा म्हणून.
माझं वजन एकशे सात नाही,
असं मी सगळ्या गॅरेजला ऐकवलं.
वेल्डिंगवाल्या पोरानं काच वर केली.

रात्री कपाटात स्कूटरचं पुस्तक सापडलं,
शेवटच्या पानाचा कोपरा दुमडलेला,
त्यावर ग्रीसचा अंगठा.
एकशे सात.

मी काही बोलले नाही.
दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यात
बोंबलाचं कालवण जरा जास्त घातलं.

मग वजनकाट्यावर नेला.
आजवरच्या पावत्या कंपनीच्या नावाच्या,
म्हणून नाव विचारल्यावर हा गडबडला,
मीच सांगितलं.
माल काय, काटेवाल्यानं विचारलं.
हसुराम म्हणाला, खेळणी.
त्यानं आत डोकावून पाहिलं,
येझदी पाहिली, स्कूटर पाहिली,
मला पाहिलं,
आणि लिहिलं: इतर.

काट्यावरून उतरताना
माझ्या स्कूटरचा आरसा कशाला तरी लागून
बारीक वाजत राहिला, थेट रोडपालीपर्यंत.
दोरी आवळायला हवी होती.
दोघांपैकी कुणीच थांबा म्हटलं नाही.