सही

सव्वीस वर्षं मी केपे तालुक्यातल्या घरांना उजेड दिला,
आणि एकाही घराच्या कागदावर माझं नाव नाही.

सही असायची मिनेझिस बाबांची,
परवानाधारक ठेकेदार, शिक्का गोल, निळा.
आधी ते शिडी धरायचे,
मग गुडघे धरल्यावर लांबून बघायचे,
मग नुसते टेस्ट रिपोर्ट यायचे सह्या होऊन,
कोरे,
गठ्ठ्याने, रबर लावून.

आता नवा कायदा की जुनाच, नव्याने आठवलेला,
कोण जाणे.
खिडकीतली बाई म्हणाली, शिक्षण?
म्हटलं, आठवी.
आठवी पास, की आठवीपर्यंत?
इतकी वर्षं दोन तारांमधला फरक ओळखत आलो,
ह्या दोन शब्दांमधला
त्या दिवशी अंगाला लागला.

अनुभवाचा दाखला हवा होता.
मिनेझिस बाब इगर्जीमागे, चार वर्षं झाली.
त्यांच्या मुलाने जुनी मजुरीची वही काढली,
वाळवीने कडा खाल्लेली.
अकरा वर्षं मी सापडलो, नावानिशी.
त्याआधीची पंधरा
नुसतं लिहिलेलं: पोरगा १.
कुठल्या कुठल्या वर्षी पोरगा २.
त्यातला मी कुठला, हे त्याने मलाच विचारलं.

परीक्षेच्या रांगेत माझ्यापुढे
काकोड्याच्या आयटीआयची प्रज्योती वेळीप,
माझ्या पहिल्या पक्कडीहून वयाने लहान.
काका, अर्थचा रेझिस्टन्स किती आला तर चालतो?
मी कधी मोजला नव्हता.
मी होल्डरला बल्ब लावून बघायचो,
पेटला तर देव पावला.
तिने हसू गिळलं, आणि वहीच्या मागल्या पानावर
खड्डा काढून दाखवला,
कोळसा, मीठ, कोळसा, मीठ,
मधे पाइप.

आत साहेबांनी विचारलं, लाइन कशी ओळखता?
बोटाच्या मागच्या बाजूने, हे ओठावर आलं होतं.
टेस्टरने, म्हटलं.
अर्थिंग म्हणजे काय?
म्हटलं, साहेब, वाट चुकलेल्या करंटला
माणसाच्या अंगातून न जाता
जमिनीत जायला ठेवलेली वाट.
त्यांनी काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होते.

कार्ड आलं जूनमध्ये. फोटोत डोळे मिटलेले.
खाली नंबर, वर नाव, बापाच्या नावासकट:
विठोबा सगुण गावकर, वायरमन.
बायकोने ते देव्हाऱ्यात ठेवलं.
मला झोप येईना.

बाळ्ळीला रोझालिनाचं न्हाणीघर.
नऊ वर्षांपूर्वी गिझर बसवला.
मागचा दगड असा, की दोन छिन्न्या तुटल्या,
संध्याकाळ झाली,
हिरवी वायर मी गुंडाळली
आणि भिंतीत कोंबून वर सिमेंट फासलं.
रिपोर्ट होताच. सही होतीच.
माझी नव्हती.

दुसऱ्या रविवारी पहार घेऊन गेलो.
रोझालिना मिस्साहून येत होती, छत्री मिटवत म्हणाली,
कोणी बोलावलं?
कोणी नाही.
किती घेणार?
काही नाही.
तिने माझ्याकडे असं बघितलं,
जसं फुकट मासळी देणाऱ्याकडे बघतात.

दोन दिवस लागले. दगड तोच होता.
प्रज्योतीने कुठूनसा मागून आणलेला अर्थ टेस्टर,
अंगणात दोन सळ्या ठोकल्या,
एका सळीवर कोंबडी येऊन बसली, तिला हाकललं.
काटा हलला, थरथरला, चारच्या खाली येऊन थांबला.
आकडा मी लिहिला. खाली तारीख.
मग पेन धरून बसलो,
पोस्टात पैसे काढताना करतो तीच सही,
पण व ला नीट गाठ मारून.

रोझालिनाने चहा आणला,
न्हाणीघराचं बटण दाबलं, बंद केलं, परत दाबलं.
म्हणाली, काय बदललं ते कळत नाही बाबा.
उजेड तर आधीही होता.

हो, म्हटलं.
आधीही होता.