मापात पाप नाही

सत्तावीस वर्षं मी काटा सांभाळते
रिशिरी बेटावरच्या सोसायटीच्या गोदामात.
उन्हाळ्यात पहाटे झेंडा वर गेला की होड्या सुटतात,
खडीवर अंथरलेला कोम्बू दुपारपर्यंत कडक होतो
आणि गठ्ठे माझ्यापुढे येतात :
पंधरा किलो, पंधरा किलो, पंधरा.
धुक्याच्या दिवशी ही समुद्राची पानं गुपचूप ओल पितात.
बोटांत धरून वाकवलं की कळतं मला
यात माल किती आणि पाणी किती.
पाणी वजा करते. म्हातारा गेनपाची कुरकुरतो,
पण चिगुसाच्या मापात पाप नाही
हे त्यालाही ठाऊक.

त्या हिवाळ्यात मात्र काटा माझ्यावरच उलटला.
गोदाम रिकामं झालं की चढायचे त्यावर
बूट काढून, किल्ल्यांचा जुडगा काढून,
एकदा तर चष्मासुद्धा.
अकरा किलो जास्त.
खाणं तेवढंच, उलट कमीच.
नणंद मित्सुए म्हणाली, "सुख मानवलंय हो तुला."

सुख!
शेगडीला पाठ लावून बसले तरी हाडांत बर्फ,
भुवयांची टोकं झडलेली,
फोनवर माझा आवाज ऐकून भाऊ विचारायचा, कोण बोलतंय?
आणि माडीचा जिना अर्धा चढून
तिथेच बसून राहायचं,
वर काय काम होतं ते आठवेपर्यंत.

मी भात अर्धा केला. मग पाव.
मग नुसतं कोम्बूचं कढण, वाटीमागून वाटी.
आपल्याच समुद्राचं पाणी ते,
त्यात कसलं आलंय वजन?

शेवटी बोटीने वाक्कानाईला गेले.
डॉक्टर ओत्सुबो माझ्या भाचीच्या वयाची.
माझ्या गळ्यावर बोटं ठेवून म्हणाली, "आवंढा गिळा."
रक्ताचा कागद आला तेव्हा म्हणाली,
"तुमची थायरॉइड पेंगते आहे.
कढण दिवसाला किती वाट्या?"
मी सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं.
आयोडीन कमी पडलं तर ही ग्रंथी थकते,
आणि उतू गेलं, तर कधीकधी
काम टाकून गप्प बसते.
मला हसूच आलं.
अख्ख्या देशाच्या रश्श्याला चव देणारं आमचं बेट,
आणि मी त्यातच बुडालेली.

"आणि वजन?"
"त्यातलं बरंचसं मीठ आणि पाणी. ते उतरेल.
सगळं नाही उतरायचं.
उरलेल्याचा आळ मात्र थायरॉइडवर घेऊ नका."

मीठ आणि पाणी.
म्हणजे ओल!
परतीच्या बोटीत मी हातमोजे काढले
आणि स्वतःच्या मनगटाची कातडी चिमटीत धरून पाहिली.
इतकी वर्षं दुसऱ्यांचे गठ्ठे चाचपले,
इथे कधी बोट लावलं नव्हतं.

आता उठल्याबरोबर एक पांढरी गोळी, उपाशीपोटी,
आणि अर्धा तास चहाकडे नुसतं बघत बसायचं.
पहिल्या दिवशी ती काट्यावर ठेवून पाहिली.
काटा जागचा हललाही नाही.

बर्फ वितळलं, रस्ते मोकळे झाले,
एक दिवस जिन्याच्या वरच्या पायरीवर पोचले
तेव्हा कळलं, मध्ये बसलेच नाही.
मेपर्यंत चार किलो गेले.
सात राहिले.
जूनमध्ये सात. जुलैतही सातच.
मित्सुएला वाटतं, गोळी वाढवून घ्यावी.
गोळीचं माप रक्त ठरवतं, ती नाही, मीही नाही.
या सातांत गोदामामागे उभ्याने खाल्लेले
गोड उडदासारख्या लाल डाळीचे बन आहेत,
बावन्न वर्षं आहेत,
नवऱ्याच्या आजारपणातल्या रात्री आहेत
ज्यांत भूक नसतानाही मी काहीतरी चघळत होते.

आज गेनपाचीचा गठ्ठा आला, सोळा भरला.
पान वाकवलं. "एक किलो ओल," म्हटलं.
तो बिडी विझवत म्हणाला,
"तुझी किती निघाली?"
"चार."
"आणि बाकीचं?"
"बाकीचा माल आहे," म्हटलं,
आणि त्याच्या नावापुढे पंधरा लिहिले.