शक्यता

कोलंबस, इंडियाना. रविवारची लाँड्री.
ड्रायरची अकरा मिनिटं उरलेली.
सल्लागार बाई फोनवर म्हणाल्या,
"जीमॅट सातशे चाळीस, ठीक आहे.
पण तुमच्यासारखे इंजिनिअर पैशाला पासरी.
पहिल्या तीन कॉलेजांत बारा टक्के धरा."

धरले.
त्यांच्या आवाजात खोट नव्हती.

मीही असाच बोललो होतो एकदा,
मिरजेत, जेवताना, एकोणिसाव्या वर्षी:
"अण्णा, हे सायकलचं दुकान
दोन वर्षं काढेल, फार तर."
अण्णांनी आमटीत भात कालवला,
नुसताच कालवत राहिले.

एकविसाव्या महिन्यात शटर पडलं.
माझा हिशेब चुकला नव्हता.

निबंधाचा प्रश्न आहे:
तुमचं एखादं अपयश, पाचशे शब्दांत.

ड्रायर थांबला.
गरम मोजे मोजतो.
एक कमी.