बत्तीस अंश

बस मला सावळी फाट्यावर उतरवते
तेव्हा साडेसहालाच ऊन शिफ्टवर हजर असतं.

डोक्यावर टोपी, बुटांवर पिशव्या, हातमोजे.
बांगड्या गेटजवळच्या डब्यात.
आत गेल्यावर नुसते डोळे उरतात
आणि इंगोले सर म्हणतात, डोळ्यांवरून
निरूपा मसराम लगेच ओळखू येते.

काचेपल्याड गोंद पसरतो.
गोंदच म्हणायचा, खरं नाव लांब आहे.
औषध त्यात विरघळलेलं, पातळ फिल्मवर
केसाच्या जाडीएवढा थर,
भट्टीच्या चार कप्प्यांतून सरकत जाणारा.
पहिल्या कप्प्यात आच मंद,
नाहीतर वरची साय आधी वाळते
आणि आतली वाफ फोड होऊन वर येते.
चिकाच्या पापड्या घालताना सासूने हेच सांगितलं होतं.
तिला कोणी ट्रेनिंग दिलं नव्हतं.

माझ्या टेबलावर कापलेले तुकडे येतात.
पोलादाच्या पाटीवर चिकटवायचे, वरून दोन किलोचा रूळ,
मग यंत्र एक टोक धरून मागे ओढतं,
सावकाश, जखमेची पट्टी काढणाऱ्या नर्ससारखं.
नाही, नर्सला घाई असते.
किती जोर लागला तो आकडा लिहायचा.
कमी आला तर पट्टी पडेल,
जास्त आला तर कातडी सोलेल.
मधला आकडा म्हणजे माझा पगार.

पोलादी गोळी उतारावरून सोडायची,
गोंदावर कुठे थांबते ते मोजायचं.
बंद पाकिटं निळ्या पाण्यात बुडवायची, हवा ओढायची,
फाडून बघायचं, निळं आत उतरलं का.
आणि काचेच्या भांड्यात
तळाशी चाळणीखाली निजवलेली पट्टी,
वर फिरतं पातं,
तासातासाला काढलेलं पाणी: किती औषध सुटलं?
पाणी बत्तीस अंशांवर.

पहिल्या दिवशी विचारलं होतं, बत्तीसच काहून?
"माणसाच्या कातडीचं तेवढंच असतं," सर म्हणाले.
कोणत्या माणसाच्या, ते विचारायचं राहिलं.

मग मे महिन्यात एक पाकीट परत आलं.
उपकेंद्राच्या सिस्टरची चिठ्ठी:
"चिकटत नाही. दुपारपर्यंत पाठीवरून पडते.
बाई वीटभट्टीवर आहे."
आत वापरलेली पट्टी.
गोंदावर लाल धूळ, एक पांढरा केस,
कडेला मिठाची रेघ.
भिंगाखाली मिठाचे दाणे चौकोनी दिसले.

त्याच बॅचचा राखीव नमुना काढला.
पास. गोळी पास, पाकीट पास, जोर पास.
पोलादाला घाम येत नाही.

आमच्याकडे एक कपाट आहे,
चाळीस अंश, पंचाहत्तर टक्के दमट.
सहा महिने आत ठेवलं
की दोन वर्षांचं म्हातारपण कळतं म्हणतात.
त्या दुपारी गेटवरच्या पाऱ्याने सेहेचाळीस दाखवले.
पाऱ्याखाली कवडूकाका खुर्ची टाकून बसले होते.
सहा महिने नाही, बावीस वर्षं.

मी बिनऔषधाची पट्टी मागून घेतली, नुसता गोंद.
दंडावर लावली, तळव्याने तीस मोजेपर्यंत दाबली,
आणि तीनच्या सुट्टीनंतर बस सोडून दिली.
नांगरलेल्या वावरांतून चार किलोमीटर.
नाल्याच्या पुलावर डावा कोपरा सुटला.
घरी पाण्याची गुंडी उचलली, तेव्हा उजवा.
रात्री भाकरी थापताना
ती परातीतच पडली. नवरा हसला.
मी पीठ झटकून ती वहीत ठेवली.

सकाळी नोंदवहीत लिहिलं:
वेळ, अंतर, कोणता कोपरा कुठे.

तक्रारीचं उत्तर तोवर टाइप झालं होतं,
"नमुना मानकांनुसार योग्य."
सर बराच वेळ माझं पान वाचत राहिले.
"ही चाचणी आपल्या यादीत नाही, निरूपा."

आमच्याकडे खोडरबर चालत नाही.
चुकलं तर एकच सरळ रेघ,
खालचं वाचता आलं पाहिजे,
बाजूला सही, तारीख.

त्यांनी पेन पुढे केलं.
मी रेघ मारली, हलक्या हाताने.
सही केली.

खालचं वाचता येतं.