ओलुफ काय म्हणाला

फोर्ट लीच्या वाचनालयाचं तळघर,
मार्चातला मंगळवार,
प्रेक्षक नऊ. त्यातले दोघे नुसत्या उबेसाठी आलेले.

पडद्यावर ओलुफ ब्रॅन्स.
जुन्या दवाखान्याची भिंत पाडताना
गवंड्याला सापडलेलं रीळ,
डबा गंजलेला, निम्मं चिकटून दगड झालेलं.
उरली सात मिनिटं.

तो कड्यावर उभा आहे, खाली हडसन.
(कडा अजून आहे. मी तिथे बसून डबा खाते.)
डोळ्यांत काजळ
तान्ह्या बाळाला घालावं तसं, ओसंडून.
समोरच्या बाईच्या टोपीवर अख्खा पक्षी.
तो तिचा हात छातीशी धरतो, ओठ हलवतो,
आणि काळी पाटी येते:
‘समुद्र आटेल, माझं वचन आटणार नाही.’

शेजारच्या खुर्चीत गुद्रुन म्योलर, वय एक्क्याण्णव.
जन्म ओडेन्सचा; चौथ्या वर्षी गोवरात कान गेले.
माझी पेशंट. मी तिला चार यंत्रं बसवून दिली,
चारही तिच्या ड्रॉवरमध्ये, मोज्यांखाली.

गुद्रुन हसली.
आधी खुदकन, मग तळघर दणाणेल इतकं;
स्वतःचं हसू ऐकू न येणारा माणूसच
असं हसू शकतो.
माझ्या वहीत तिने लिहिलं:
‘डॅनिश बोलतोय. म्हणतो, बूट चावतायत.
म्हणतो, आटप बाई, गहिवर लवकर,
दुपारच्या टपालात आईचं पत्र असेल.’
आणि पडद्यावरची बाई
खरंच गहिवरली.

माहितीपत्रकात त्याचं सगळं आयुष्य अर्ध्या पानात:
एसब्येर्गहून बोटीने आला,
काचेच्या छपराखाली चार वर्षांत अकरा वेळा मेला,
दोनदा बुडून, एकदा वाघाच्या तोंडी
(वाघाला दात नव्हते).
मग कंपन्या उन्हामागे पश्चिमेला गेल्या,
हाही गेला, ट्रंक घेऊन.
मग पडद्याला कंठ फुटला.
चाचणीचं वाक्य साधं होतं: ‘दार उघडा, बाहेर वादळ आहे.’
ते परत वाजवलं तेव्हा
यंत्रावरच्या पोराने रुमालात तोंड लपवलं.

जिभेला हाड नसतं म्हणतात.
ओलुफच्या जिभेला होतं, आणि ते एसब्येर्गचं होतं.

तो इथेच परतला.
उताराखालच्या कारखान्यात रात्रपाळी,
जुनी रिळं हौदात धुवायची, चांदी काढून घ्यायची.
राजे, विधवा, घोडे, बर्फ,
सगळ्यांचं राखाडी पाणी.
त्यात स्वतःचे मृत्यू किती होते
ते त्याने मोजलं असेल.
कुणी विचारलं नाही, तोही मूग गिळून राहिला.

माझं नाव मंजुळा.
कॉफीच्या दुकानात मी मॅगी आहे.
बावीस वर्षं फोन उचलण्याआधी
मी जीभ सरळ करून घेते,
इस्त्री फिरवावी तशी.

सातव्या मिनिटाला रीळ बुडबुड्यांनी भरतं.
त्याआधी तो एकदाच वळून आपल्याकडे बघतो,
काहीतरी म्हणतो.
मी वही पुढे केली.
गुद्रुनने लिहिलं: ‘मिशी आड आली.’

तिला घरी सोडताना, लेमोइन अव्हेन्यूवर,
एक ट्रक आडवा घुसला.
काचा बंद होत्या. मी म्हटलं,
‘अरे टोळभैरवा!’
कुणाला ऐकू जाणार होतं?
गुद्रुन माझ्या तोंडाकडे टक लावून बसलेली.
सिग्नल लाल होईपर्यंत थांबली, मग वही मागितली:

‘मधेच जीभ उलटी टाळूला लावतेस
ते कुठलं अक्षर?
पुन्हा म्हण. सावकाश.’