प्रमाण

जानेवारीत पायसान्दूला ऊन चढतं
आणि ओर्तेन्सियाच्या ओट्यावर मुंग्या.
आधी एकटीच एक आली,
पत्ता चुकल्यासारखी चहाच्या तुंब्याला फेरी घालून गेली.
संध्याकाळी खिडकीपासून साखरेच्या डब्यापर्यंत
शिवणीचा काळा दोरा.

व्हिनेगरनं पुसलं. दोन दिवस घराला लोणच्याचा वास,
तिसऱ्या दिवशी दोरा तसाच,
फक्त वीतभर सरकून.
शेजारची झुल्मा म्हणाली, दालचिनी टाक.
दालचिनी त्यांनी भिंतीवरून वळसा घालून टाळली.
कॉफीचा चोथा, लिंबाची सालं,
शेवटी नातीच्या दप्तरातला खडू.
खडूच्या रेघेपाशी मात्र थबकल्या जरा,
मग कुणीतरी पहिला पाय पांढरा केला.

औषधांच्या दुकानातला इराल्दो म्हणाला, बोरॅक्स.
एक चमचा. साखर सहा. पाणी कोमट.
"हात आखडता ठेव हं.
जास्त झालं तर वाटेतच मरतील.
घरी पोचू दे त्यांना.
पोटातून नेतील, तोंडानं तोंडाला भरवतील,
पार राणीपर्यंत."
खिरीची कृती सांगावी तसं सांगितलं त्यानं.

बाटलीच्या झाकणात तिनं कापूस भिजवला.
आल्या. ढकलाढकली नाही, आरडाओरडा नाही.
पोटं भरून निघालेली
येणारीच्या मिशांना मिशा लावून सांगत होती,
आहे, अजून आहे.

ओर्तेन्सिया स्टूल ओढून बघत बसली.

आन्सेल्मो बॅटरीच्या कारखान्यात होता, बावीस वर्षं.
सहाला सुटायचा. सायकल भिंतीला टेकवायचा
आणि हातही न धुता, त्याच शर्टावर
धाकट्याला उचलून घ्यायचा.
पोरगं त्याच्या कॉलरला तोंड लावायचं.
गोड लागते म्हणायचं.
ती हसायची. शर्ट बाकीच्यांच्या कपड्यांतच भिजवायची.
धाकट्याला पुढे आकडे जमेनात,
बाईंनी लिहून पाठवलं, लक्ष नसतं.
कारखान्यातून येताना वाटेत
कधीच कुणी मेलं नाही.

ती उठली. झाकण नळाखाली धरलं,
कापूस पिळून पिळून टाकला.
साखरेचा डबा बशीभर पाण्यात ठेवला.
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं,
पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

पण निम्म्याअधिक केव्हाच परतल्या होत्या.

गुरुवारी इराल्दोनं काउंटरवरून विचारलं,
"काय, गेल्या का?"

सुटे पैसे मोजता मोजता ती म्हणाली,
"पोचल्या."