दोन बोटं

शाल्मली म्हणाली, आई, हे चाक ऐकतच नाही.
अगं, थोडं आधीपासून वळवायचं, मी म्हटलं,
जणू सगळ्याच गाड्यांना आगाऊ सांगावं लागतं.

गाडीतळामागे, शिकलगारांचं गॅरेज.
बशीरभाई पुठ्ठा सरकवून गाडीखाली गेले;
बाहेर नुसते पाय, एका चपलेचा अंगठा तारेनं शिवलेला.
"हलवा मॅडम. वळवू नका, हलवा.
डावी. उजवी."
स्टेअरिंग दोन बोटं फिरलं,
पुढची चाकं ढिम्म.
"अजून."
खाली त्यांचा हात सांधा न् सांधा चाचपत होता,
गव्हाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून
पोरकिडा शोधावा तसा.
"सापडला. डावा टायरॉड एंड. बूट फाटलाय,
ग्रीस गेलं, माती आली.
वर्ष तरी झालं असेल."

वर्ष.
म्हणजे दिवे घाट, सासवडच्या फेऱ्या,
वन्संचं ऑपरेशन, रात्री दोनला ससून,
सगळीकडे मी दोन बोटं आधी वळत गेले
आणि त्याला चालवणं म्हणत होते.

नवा सांधा बसला. अलाइनमेंटचे चारशे वेगळे.
आणखी आवळा ना, मी म्हटलं.
"नको. जास्त आवळलं तर वळल्यावर
चाक आपलं आपण सरळ येत नाही.
केसभर राहू द्या."

मगरपट्ट्याच्या वळणावर
हात सवयीनं आधीच गेला,
आणि गाडीनं या वेळी ऐकलं.
दुभाजक एकदम खिडकीशी.
मागचा रिक्षावाला काय म्हणाला ते सोडा.

सरक, मी चालवते, शाल्मली म्हणाली.

जुना सांधा डिकीत आहे, फडक्यात.
बोट लावलं की
अजून मान टाकतो.